तांबडी खण की तांब्याची खाण? सांगे तालुक्यातील एका पाटीचे प्रकरण

हे प्रकरण एका पाटीचे आहे. पत्र्याची, निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत रंगवलेली पाटी: ‘आदिलशाही काळातील तांब्याची प्राचीन खाण’. तिचे उद्घाटन शिगम्यात व्हायचे होते. ती लागली नाही. पुढच्या दिवाळीच्या सुमारास तिच्या जागी दुसरी लागली. मधल्या सात-आठ महिन्यांत काय घडले ते इथे क्रमाने मांडतो आहे. गावाचे नाव आणि माणसांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. मी त्याच भागात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे, आणि या गोष्टीत मी बाहेरून पाहणारा नव्हतो.

पार्श्वभूमी

गाव गोव्यातल्या सांगे तालुक्यातले. खाली कुळागरे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, वर काजूची भाटे आणि त्याहून वर कातळाचा सडा. सड्याच्या उतारावर, एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत तीन जुने खड्डे आहेत. दोन उथळ, झुडपांनी भरलेले. तिसरा खोल. पावसाळ्यानंतर त्यात साचलेले पाणी मेपर्यंत टिकते आणि उन्हात ते हिरवट-निळे दिसते. शेजारून जाणाऱ्या ओहोळाच्या तळाशी हिरवा दगड उघडा पडला आहे. गावात या जागेला ‘तांब्याची खाण’ म्हणतात. किमान माझ्या पिढीने तरी तेच नाव ऐकले.

या तालुक्याला खाण नवी नाही. २० सप्टेंबर १९०६ च्या पोर्तुगीज वसाहती खाण कायद्याखाली गोव्यात खाणींचे परवाने दिले गेले. त्यांना कोंसेसांव म्हणत आणि ते मुदतीचे नसून कायमचे असत. मुक्तीनंतर बरीच वर्षे ते तसेच चालू राहिले. १९८७ च्या कायद्याने ते रद्द करून त्यांची लीझ झाली, तीही २० डिसेंबर १९६१ पासून लागू धरून. सुरुवातीच्या काळात मँगनीजला मोल होते. १९५० च्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी आली, आणि मग लोहखनिजाने सगळे व्यापून टाकले.

गावच्या युवक मंडळाची पाटीची कल्पना या खाणकामाच्याच शेवटातून आली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीझांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. २०१२ च्या बंदीतून कसेबसे सावरलेले ट्रकवाले पुन्हा बसले. मंडळाचा अध्यक्ष त्यांतलाच एक. त्याच्या दारात ट्रक उभा होता, चाकांखाली गवत वाढले होते, बँकेचा हप्ता चालू होता. त्याने आणि त्याच्या मित्रांनी ठरवले की धबधबा आणि देऊळ बघायला येणारी माणसे आपल्या गावातही थांबवायची. दाखवण्यासारखे काय आहे? तांब्याची जुनी खाण.

यात मला हसण्यासारखे काही दिसले नाही, आजही दिसत नाही.

अडचण कशी उभी राहिली

पाटी रंगवून झाली होती. सरपंचांना निमंत्रण गेले होते. मंडळाने मला दोन शब्द बोलायला बोलावले आणि त्याआधी एकदा जागा पाहून घ्या म्हणून सांगितले. मी गेलो. सोबत अध्यक्ष, दोघे-तिघे तरुण आणि मागे लागलेली चार मुले.

ओहोळातला हिरवा दगड मी हातात घेतला. पातळ पापुद्र्यांचा, बोटाला किंचित तेलकट लागणारा. नखाने जोर देऊन ओरखडा काढला तर पडला. तांब्याचे हिरवे खनिज म्हणजे मॅलाकाइट. ते नखाने ओरखडले जात नाही. ते दगडाच्या फटीत किंवा पृष्ठभागावर पुटासारखे येते, असे सगळ्या दगडात भिनून त्याचे पापुद्रे होत नाहीत. माझ्या मनात शंका आली ती तिथे.

तेवढ्यात एक मुलगा खोल खड्ड्याच्या काठावर गेला आणि त्याच्या पायाखालचा चिऱ्याचा तुकडा सुटला. तो गुडघ्याएवढाच खाली घसरला आणि झुडपाला धरून राहिला. लागले काही नाही. पण तो तुकडा पाण्यात पडल्याचा आवाज यायला जो वेळ लागला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्या दिवशी परत येताना कोणी फारसे बोलले नाही.

म्हणजे अडचणी दोन होत्या. पाटीवरचा मजकूर खरा आहे का, हे माहीत नव्हते. आणि ती पाटी लोकांना जिथे बोलावणार होती, ती जागा सुरक्षित नव्हती.

तिसरी अडचण माझी स्वतःची. काही वर्षांपूर्वी देवळाच्या उत्सवाची स्मरणिका निघाली होती. तिच्यात ‘आपल्या गावची तांब्याची खाण’ असा अर्ध्या पानाचा मजकूर होता. मुद्रिते मी तपासली होती. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि पुढे गेलो. तरुणांनी पाटीसाठी आधार म्हणून दाखवली ती हीच स्मरणिका.

गावकऱ्यांचे म्हणणे

तांब्याच्या बाजूने जे पुरावे सांगितले जात होते ते उडवून लावण्यासारखे नव्हते, म्हणून ते नीट मांडतो.

पहिला पाण्याचा रंग. कुळागरात सुपारीला कोळेरोग लागू नये म्हणून पावसाच्या तोंडावर मोरचूद आणि चुना मिसळून बोर्डो मिश्रण मारतात. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि त्याचा निळा रंग इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. खड्ड्यातले पाणी तसे दिसते, म्हणून त्यात तांबे आहे.

दुसरा हिरवा दगड. मंडळातल्या एका मुलाने इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलच्या जुन्या खाणींची चित्रफीत पाहिली होती. तिथल्या बोगद्यांच्या भिंतींवर असेच हिरवे ओघळ दिसतात.

तिसरा ताम्रपटांचा. गोव्याच्या कदंबांचे ताम्रपट सापडले आहेत, मग तांबे कुठून आले असेल? इथलेच असणार.

आणि चौथा, ज्याचे उत्तर मला पटकन देता आले नाही. अध्यक्ष म्हणाला, “सर, उसगाळीमळचे कोरीव काम आमच्या म्हाताऱ्यांना माहीत होते. १९९३ पर्यंत शिकलेल्या माणसांना त्याचा पत्ता नव्हता. मग आमच्या म्हाताऱ्यांचे हे तरी खोटे कशावरून?” कुशावती नदीच्या काठी जांभ्या कातळावर कोरलेली ती चित्रे याच तालुक्यातली. त्याचा मुद्दा रास्त होता.

समोर असलेले पर्याय

पाटी ठरल्याप्रमाणे लावायची, मग बघू, हा एक पर्याय. पैसे खर्च झाले होते, तारीख ठरली होती, आणि मंडळात बहुतेकांचा कल इकडेच होता. ‘असे म्हणतात की’ एवढे शब्द वर घालायचे म्हणजे झाले, अशी तडजोडही सुचवली गेली. मला ती नको होती. पाटी वाचणारा ‘म्हणतात की’ विसरतो आणि ‘तांबे’ घरी घेऊन जातो.

दुसरा पर्याय सरकारी खात्याला पत्र लिहून उत्तराची वाट पाहण्याचा. तिसरा, सगळे सोडून देण्याचा. जागा धोक्याची आहे, भाटकाराची आहे, आपण कशाला त्यात पडा. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत हे होते.

चौथा पर्याय मी मांडला. उद्घाटन पुढे ढकला. शाळेच्या प्रयोगशाळेत होईल तेवढी तपासणी आपण करू, जुने कागद शोधू, खाणीवर काम केलेले कोणी जिवंत असेल तर त्यांना विचारू, आणि जे निघेल ते लिहू. तांबे निघाले तर ही निळी पाटी मी स्वतः खांद्यावरून वर नेईन.

पहिला निर्णय: तारीख पुढे ढकलणे

यावर दोन बैठका गेल्या. दुसऱ्या बैठकीत माझ्या युक्तिवादाचा फारसा परिणाम झाला नाही. झाला तो घसरलेल्या मुलाच्या आईचा. तिने एवढेच विचारले की पाटी बघायला शंभर माणसे आली तर त्या काठावर कोण उभे राहणार आहे. अध्यक्षाने सरपंचांना फोन करून कार्यक्रम पुढे ढकलला. स्मरणिकेची मुद्रिते मी तपासली होती हे मी त्याच बैठकीत सांगितले. सांगायला जड गेले, पण त्यानंतर ‘सर आमच्या विरुद्ध आहेत’ हा सूर निवळला.

तपासणी: दगड

आम्ही चार प्रकारचे नमुने आणले: ओहोळातला हिरवा दगड, खड्ड्याच्या भिंतीतले काळे गोळे, वरचा लाल-करडा जड दगड आणि खड्ड्यातले पाणी. मुलांना खड्ड्याकडे न्यायचे नाही असे ठरले होते. नमुने मोठ्यांनी आणले, तपासणी मुलांनी केली.

पहिली परीक्षा रेघेची. न्हाणीघराच्या पांढऱ्या टाइलची मागची खरखरीत बाजू घेतली आणि तिच्यावर दगड घासले. जड दगडाची रेघ तांबूस-लाल आली, म्हणजे हेमेटाइट, लोहखनिज. काळ्या गोळ्याची रेघ काळीच आली आणि बोटेही काळी झाली. हिरव्या दगडाची रेघ जवळजवळ पांढरी, किंचित हिरवट.

दुसरी आम्लाची. मॅलाकाइट हे तांब्याचे कार्बोनेट, त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले की ते फसफसते. आमच्या हिरव्या दगडावर थेंब तसाच बसून राहिला.

तिसरी परीक्षा मला सर्वांत प्रिय, कारण ती कुठल्याही शाळेत करता येते. हिरव्या दगडाची पूड आम्लात रात्रभर ठेवली, सकाळी गाळली आणि त्या द्रावणात घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा सोडला. द्रावणात तांबे असेल तर ते खिळ्यावर लाल थर होऊन बसते. पण नुसते ‘नाही आले’ म्हणणे पुरेसे नव्हते. आले असते तर कसे दिसले असते हेही मुलांनी पाहायला हवे होते. म्हणून शेजारच्या परीक्षानळीत कुळागरातून आणलेल्या मोरचूदाचे चिमूटभर द्रावण घेतले आणि त्यातही खिळा सोडला. काही मिनिटांत तो खिळा तांबूस झाला. दुसरा काळपट पडला, त्याला बारीक बुडबुडे आले, तांबूस काही नाही. द्रावण फिकट पिवळसर होते, ते दगडातल्या लोहामुळे. खड्ड्यातले पाणी आटवून त्यातही खिळा ठेवला. तोही तसाच राहिला.

मग काळे गोळे. औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड एका वाटीत घेऊन त्यात काळी पूड टाकली. दुधाला उतू यावे तसा फेस वर आला. मँगनीज डायऑक्साइड पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन झपाट्याने मोकळा करते, हे दहावीच्या मुलांनी पुस्तकात वाचलेले होते. वर्गात ज्याची बाटलीतली काळी पूड दाखवतो, तोच पदार्थ त्यांच्या गावच्या भिंतीतून निघाला होता. अध्यक्ष मागे उभा राहून पाहत होता. त्याने तो प्रयोग स्वतः दोनदा करून पाहिला.

शाळेतली तपासणी काय आहे हे सांगते, किती आहे ते सांगत नाही. म्हणून उरलेले नमुने एका महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांकडे नेले. त्यांनी दगड पाहिले, नंतर एक दिवस जागेवरही आले. हिरवा दगड क्लोराइट शिस्ट, म्हणजे क्लोराइट या हिरव्या खनिजाचा पापुद्र्यांचा खडक. काळे गोळे मँगनीजची ऑक्साइडे, सोबत लोहाची. तांबे नोंद घ्यावी इतके नाही.

खडकाची गोष्ट

प्राध्यापकांनी काठापासून लांब उभे राहून जे समजावले ते मी माझ्या शब्दांत देतो, कारण नव्या पाटीचा गाभा तोच ठरला.

गोव्याच्या जुन्या खडकांच्या थरांना गोव्यातल्याच जागांची नावे आहेत: बार्से, सावर्डे, डिचोली, वाघेरी. हे खडक धारवाडी काळातले, सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे आणि त्याहूनही जुने. खनिज आहे ते मुख्यतः डिचोली थरात. त्या काळच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, त्यामुळे लोह पाण्यात विरघळून राहत असे. ते हळूहळू तळाशी बसत गेले, एक पट्टा लोहाचा, एक पट्टा सिलिकाचा. त्यालाच पट्टेदार लोहखडक म्हणतात. मँगनीज त्याच्या सोबतीने आले. समुद्रतळाचा गाळ आणि ज्वालामुखीचे खडक पुढे जमिनीच्या पोटात दाबले-तापवले गेले, आणि त्यांतून फिलाइट आणि हिरवा शिस्ट तयार झाला. ओहोळातला दगड तो.

त्यानंतरचे काम पावसाचे. लाखो वर्षे पाऊस झिरपत राहिला, सिलिका वाहून गेली, लोह मागे राहून श्रीमंत झाले. वर जांभ्याचे कठीण टोपण बसले, ज्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो. मँगनीज पाण्याबरोबर थोडे सरकते आणि जवळच पुन्हा साचते. म्हणून ते इथे सलग थरात नसून जांभ्याखालच्या पांढरट-गुलाबी मऊ मातीत गोळ्यांच्या, खिशांच्या रूपात सापडते. एक खिसा संपला की दुसरा शोधायचा. एकाच उतारावर तीन सुटे खड्डे का आहेत, याचे उत्तर मला तिथे मिळाले. इतकी वर्षे मी ते नुसते खड्डे म्हणून पाहत होतो.

आणि खोल खड्ड्याचा काठ का सुटला, याचेही. वरचे टोपण कठीण, खालची माती मऊ. पाणी खालची माती पोखरते आणि वरचा चिरा अधांतरी राहतो. वरून पाहणाऱ्याला तो घट्ट कातळ वाटतो. पाण्याच्या निळेपणाचे कारणही हीच माती. तिचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात आणि उजेड विखरतात. पावसाळ्यात हेच पाणी लाल असते.

चित्रफीत पाहिलेल्या मुलाने कॉर्नवॉलचे विचारले. तिथली कथा वेगळी. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात ग्रॅनाइटचा तप्त रस घुसला, त्याच्याभोवतीच्या भेगांतून उष्ण पाणी फिरले आणि त्या पाण्याने कथील आणि तांबे भेगांत आणून ठेवले. तिथली डोलकोथ ही खाण आधी तांब्यासाठी गाजली आणि खोल गेल्यावर कथिलासाठी चालली. १९२१ मध्ये ती बंद पडली. म्हणजे तिथे धातू उभ्या शिरांत आहे आणि माणसे बोगदे पाडून त्याच्यामागे खाली उतरली. इथे तो पृष्ठभागाजवळच्या खिशांत आहे आणि माणसांनी वरून खड्डे काढले. हिरवा रंग दोन्हीकडे दिसतो, पण तिथला तांब्याचा आणि इथला क्लोराइटचा.

“मग कल्हईचे कथील इथे का नाही? पारोड्याचा चंद्रनाथाचा डोंगर ग्रॅनाइटचाच ना?” हा प्रश्न सातवीतल्या मुलीचा. प्राध्यापक खूश झाले. ग्रॅनाइट आहे, पण प्रत्येक ग्रॅनाइट सोबत कथील आणत नाही. भारतात ते बस्तरकडे सापडते. तांब्याबद्दलही त्यांनी सांभाळून सांगितले: धारवाडी खडकांत तांबे कुठेच नाही असे नाही, कर्नाटकात चित्रदुर्गजवळ इंगळधाळला तांब्याची खाण होती. त्यामुळे गावकऱ्यांची समजूत अशक्य कोटीतली नव्हती. या तीन खड्ड्यांपुरती ती चुकीची होती.

तपासणी: माणसे आणि कागद

दगडाने ‘काय’ सांगितले. ‘केव्हा’ आणि ‘कोणी’ राहिले होते.

अध्यक्षाची एक दूरची आजी वाड्याच्या टोकाला राहते. पंच्याऐंशीच्या पुढची. तिच्याकडे जायचे सुचवले ते त्यानेच, मी नव्हे. आम्ही ‘तांब्याच्या खाणी’बद्दल विचारले तेव्हा तिला कळेचना कशाबद्दल बोलतो आहोत. जागा समजावून सांगितली तेव्हा ती लगेच म्हणाली, “तांब्याची न्हय रे पुता, तांबडी खण. तांबडी खण म्हणटाले.”

पावसाळ्यात खड्ड्यातून तांबडे पाणी ओहोळात उतरायचे म्हणून तांबडी खण. कोकणीतली ‘तांबडी खण’ मराठीत लिहिताना कुठेतरी ‘तांब्याची खाण’ झाली. शब्द मुळात जवळचेच, दोन्ही ‘ताम्र’पासून आलेले. तांबडी सुर्ला या गावी कोणी तांबे शोधत नाही, पण आम्ही मात्र इथे शोधत बसलो.

मग तिने जे सांगितले ते मी वहीत तसेच उतरवून घेतले आहे. मुक्तीच्या आधी, लग्नापूर्वी, ती तिथे कामाला जात असे. पुरुष पिकावाने खणत, बायका पांटल्यांतून, म्हणजे टोपल्यांतून, डोक्यावरून माती वाहत आणि झाडाखाली बसून काळे गोळे वेगळे निवडत. “हात अशे काळे जाताले,” म्हणून तिने तळवे पुढे केले. साबणाने तो काळेपणा जात नसे. “बिमलां घांसल्यार वताले.” बिमले हे आंबट फळ घासले की जायचा.

मी लिहिता लिहिता थांबलो. बिमलाच्या आंबटपणात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते, आणि मँगनीजचा काळा डाग उतरवायला रसायनशास्त्र जे सुचवते ते हेच आम्ल. सत्तर वर्षांपूर्वीच्या मुलींनी ते अंगणातल्या झाडावरून शोधून काढले होते. खिळा आणि पेरॉक्साइड आम्हाला जे सांगत होते ते तिच्या तळव्यांना आधीपासून ठाऊक होते. तिच्याकडे आधी गेलो असतो तर बरे झाले असते.

खणलेला माल बैलगाड्यांनी सावर्ड्याकडे जाई, एवढे तिला आठवत होते. सावर्ड्याहून पुढे मुरगाव बंदरापर्यंत रेल्वेही होती आणि जुवारीचा जलमार्गही.

कागद भाटकाराच्या घरी निघाला. तो आधी दाखवायला तयार नव्हता. जमिनीचा काही वाद उभा राहील अशी त्याला भीती होती, आणि ती अवास्तव नव्हती. आम्ही लेखी दिले की पाटीवर त्याचे नाव, सर्व्हे क्रमांक किंवा कागदाची छायाप्रत यांपैकी काहीही येणार नाही. मग त्याने पेटीतून १९५० च्या दशकातली पोर्तुगीज प्रत काढली. मडगावच्या एका जुन्या वकिलांनी ती वाचून दिली. खनिजापुढे लिहिले होते ‘फेर्रु इ मांगानेश’: लोह आणि मँगनीज. आदिलशाहीचा प्रश्न तिथे संपला. हा भाग तर सौंदेकर राजांकडून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे गेलेल्या नव्या काबिजादीतला.

दुसरा निर्णय: सांगायचे कोणी आणि लिहायचे काय

आता सगळे मी सभेत मांडावे असे काहींचे म्हणणे होते. मी नकार दिला. मी बोललो असतो तर मंडळाचे चुकले आणि मास्तर बरोबर निघाले, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले असते. अध्यक्षाने बोलावे असे ठरले. त्याने सभेत टेबलावर दोन खिळे ठेवले, वाटीत काळी पूड टाकून फेस आणून दाखवला आणि मग आजीचे वाक्य सांगितले. त्या वाक्यावर मागच्या रांगेतल्या दोन वृद्धांनी माना हलवल्या. त्यांनाही ‘तांबडी खण’ आठवत होती, कोणी विचारले नव्हते.

पाटीवर तांब्याचा उल्लेख ठेवायचा की नाही यावर मात्र खरा वाद झाला. माझे मत होते की चुकीचे नाव पुसून टाकावे. अध्यक्ष आणि मंडळ म्हणाले, नाव लोकांच्या तोंडी आहे; पुसले तर उद्या कोणी पुन्हा ‘इथे तांबे होते, लपवले’ म्हणेल. नाव ठेवा, ते कसे पडले ते सांगा. त्यांचे बरोबर होते आणि तसेच केले.

फलित

नवी पाटी खड्ड्याजवळ नाही. सड्यावर जाणारी पायवाट जिथे रस्त्याला मिळते, तिथे ती आहे. मजकूर असा:

‘तांबडी खण. येथून वर मुक्तिपूर्व काळात मँगनीज आणि लोहखनिज हाताने खणले जात असे. गावातील बायका पांटल्यांतून ते वाहत. येथील खडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. ओहोळातील हिरवा दगड क्लोराइटचा आहे. “तांब्याची खाण” हे नाव “तांबडी खण” यावरून पडले; येथे तांबे आढळले नाही. पुढील खड्ड्यांचे काठ खालून पोकळ आहेत. जवळ जाऊ नये.’

भाटकाराने खोल खड्ड्याभोवती काटेरी तारेचे कुंपण घातले. अर्धा खर्च त्याचा, अर्धा मंडळाचा. शाळेत दगडांचा एक कोपरा झाला आहे, तिथे टाइल, खिळे आणि मोरचूदाची बरणी ठेवली आहे.

पर्यटक फार येत नाहीत. शाळांच्या सहली येतात, दोन खोल्यांत जेवणाची सोय करणाऱ्या एका घराला त्यातून थोडे उत्पन्न आहे. अध्यक्षाने ट्रक विकला. पाटीने त्याचा प्रश्न सुटला नाही, आणि सुटेल असे मी त्याला कधी म्हटलेही नव्हते. सहलीच्या मुलांना माहिती तो स्वतः देतो आणि माझ्यापेक्षा चांगली देतो.

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा हवा होता. आम्ही दगडापासून सुरू करून माणसापर्यंत पोहोचलो, आणि त्यात चार महिने गेले. त्या काळात खाणीवर मुकादम असलेले एक वृद्ध वारले. त्यांना खिशाचा तळ कसा लागला, काम का थांबले, मजुरी कशी मोजत, हे माहीत असणार. आजी ओझे वाहत होती, हिशेब तिच्या हातात नव्हता. ती माहिती आता कुठल्या कागदात मिळेल असे वाटत नाही.

पहिल्या भेटीत मुलांना बरोबर येऊ दिले ही चूक माझी. जुन्या खाणीच्या काठावर टोपण आणि माती यांचा हा प्रकार मला पुस्तकातून ठाऊक होता. जागेवर मला तो आठवला नाही.

आजीचे बोलणे आम्ही फक्त लिहून घेतले, आवाज मुद्रित केला नाही. आता तिला नीट ऐकू येत नाही आणि ती थोडेच बोलते. तिच्याबरोबर काम केलेल्या दुसऱ्या एक मावशी केप्याला मुलीकडे राहतात असे कळले आहे. मंडळातली दोन मुले या महिन्यात त्यांच्याकडे जाणार आहेत. जाताना काळा गोळा आणि बिमले घेऊन जा, असे मी त्यांना सांगितले आहे.